दिवस मावळल्यावरचे पाणी

१२ सप्टेंबर २०२४, गुरुवार. रिक्षाचे रुपये दोनशे ऐंशी.

शांतिनाथ खोत यांनी ते मोजून दिले आणि घड्याळ पाहिले. सहा वाजून सोळा मिनिटे. एरवी ते आणि त्यांच्या पत्नी अक्काताई कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतून शहराबाहेरच्या या कॅन्सर हॉस्पिटलात सिटी बसनेच येत. पण त्या दिवशी घरगुती गौरी-गणपतींचे विसर्जन होते. नदीकडचे आणि तळ्याकडचे रस्ते माणसांनी भरले होते, बसचा भरवसा नव्हता आणि सूर्य सहा अडतीसला मावळणार होता. अक्काताई पिशवी सावरत रिक्षातून उतरेपर्यंत अण्णा पायऱ्या चढून आतसुद्धा गेले. शांतिनाथ खोतांना सगळे अण्णाच म्हणत.

आधी ते लघवीला जाऊन आले. मग बाकावर बसून पिशवीतली स्टीलची बाटली काढली आणि घरून उकळून, गाळून आणलेले अर्धा लिटर पाणी प्यायले. पुढे कमी पडायला नको म्हणून वर आणखी एक पेला घेतला. सहा एकतीसला बाटलीचे झाकण लागले. समोरच्या भिंतीवर उन्हाचा पिवळा पट्टा अजून होता. तो पाहून त्यांना हायसे वाटले. रेडिएशनची वेळ पावणेआठची होती. म्हणजे सव्वा तास कळ काढायची.

कळ काढणे अण्णांना नवे नव्हते. ते एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. एकतीस वर्षांची नोकरी, त्यातली अठरा वर्षे कोल्हापूर-गारगोटी मार्गावर. प्रवासी हक्काने गाडी थांबवून घेत, ड्रायव्हर चहासाठी बाजूला घेई, पण स्वतःच्या अडचणीसाठी अण्णांनी कधी घंटी ओढली नाही. निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली तरी ही गोष्ट ते चारचौघांत सांगत.

दुसरी गोष्ट मात्र ते सहसा कुणाला सांगत नसत. १९९६ साली त्यांची एकुलती एक मुलगी भाग्यश्री चौदा महिन्यांची असताना न्यूमोनियाने अकरा दिवस दवाखान्यात होती. बाराव्या दिवशी ताप उतरला. त्याच आठवड्यात नवरा-बायको बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात गेले आणि चातुर्मासासाठी आलेल्या माताजींसमोर, म्हणजे साध्वींसमोर, दोघांनी नियम घेतला: दिवस मावळल्यावर अन्न नाही आणि पाणीही नाही. रात्री न जेवणे जैनांच्या घरात नवलाचे नाही. पण एप्रिल-मेच्या उकाड्यात गारगोटीहून शेवटची गाडी घेऊन यायचे आणि घरी आल्यावर घोटभर पाणीही प्यायचे नाही, हे ज्याचे त्यालाच माहीत. अण्णांनी ते अठ्ठावीस वर्षे केले. त्यांच्या मनातला हिशेब सरळ होता. विम्याचा हप्ता थांबला की पॉलिसी बंद पडते. भाग्यश्री आता बेळगावला नांदत होती, बँकेत नोकरी करत होती, धडधाकट होती. आपण रोज संध्याकाळी हप्ता भरतो म्हणून ती तशी आहे, असे ते मनाशी धरून होते.

२०२४ च्या मे महिन्यात अण्णांचे रात्रीचे उठणे वाढले. चार वेळा उठायचे, उभे राहायचे आणि थेंब थेंब. रक्ताच्या तपासणीत पीएसएचा आकडा, जो साधारण चारच्या आत हवा, तो चौदा पूर्णांक सहा आला. तुकडा काढून तपासला तर प्रोस्टेट ग्रंथीत कॅन्सर निघाला. बाहेर कुठे पसरलेला नव्हता. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सगळे समजावले आणि ठरले असे की तीन-तीन महिन्यांच्या अंतराने दोन इंजेक्शने घ्यायची आणि वीस वेळा रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार. किरण रोज नेमके त्याच जागी पडावेत म्हणून अण्णांच्या ओटीपोटावर आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना शाईचे तीन बारीक ठिपके कायमचे गोंदले. त्या रात्री अक्काताई म्हणाल्या, “चाळीस वर्सं झाली, माझं नाव काय गोंदून घेतला न्हाईसा. आन् मशीनसाठी गोंदून आलासा.”

रेडिएशन देणारी तंत्रज्ञ क्रांती ही आजऱ्याकडची, तिशीची मुलगी. तिने पहिल्याच दिवशी पाण्याचे गणित सांगितले. येण्याआधी पोट साफ हवे आणि लघवीची पिशवी भरलेली हवी. पिशवी भरली की ती आणि आतडी ग्रंथीपासून वर सरकतात आणि त्यांना किरणांचा त्रास कमी होतो. म्हणून लघवीला जाऊन यायचे, अर्धा लिटर पाणी प्यायचे आणि पाऊण तास थांबायचे. रोज तेवढेच पाणी, रोज तेवढाच वेळ.

अण्णांची वेळ सकाळी अकराची होती. बाहेरच्या बाकावर त्यांच्यासारखेच चार-पाच जण बाटल्या घेऊन, मांड्या आवळून बसलेले असत. त्यात गारगोटीजवळचे सयाजी देसाई होते. म्हशींचा गोठा असलेला, मोठ्या आवाजाचा माणूस. अण्णांना त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखले, कारण एकदा अर्ध्या तिकिटावरून दोघांचे भांडण झाले होते. तेव्हापासून बाकावर कुणाची पिशवी किती भरली याची मापे गारगोटी मार्गावरच्या थांब्यांनी निघू लागली.

“कंडक्टर, कुठवर आली गाडी?”

“इस्पुर्ली.”

“माझी बिद्री गेली. मुदाळतिट्ट्याच्या म्होरं काय खरं न्हाय बघा.”

असे बारा दिवस सुरळीत गेले. तेराव्या दिवशी, बुधवारी, मशीन बंद पडले. सुटा भाग बाहेरून यायचा होता. हॉस्पिटलातल्या दुसऱ्या मशीनवर सगळ्यांना सामावून घ्यायचे ठरले आणि अण्णांना फोन आला: उद्यापासून संध्याकाळी पावणेआठ. किती दिवस ते सांगता येत नाही. पाणी सात वाजता प्या.

तेव्हा दशलक्षण पर्व चालू होते. जैनांचे वर्षातले हे सगळ्यात कडक दहा दिवस. अण्णा दरवर्षी या दिवसांत एकवेळ जेवत. डॉक्टरांनी मनाई केली म्हणून या वर्षी दोन वेळा जेवत होते आणि त्याचीच त्यांना टोचणी होती. त्यात हा निरोप. अक्काताईंनी विचारले, आता कसं करायचं? अण्णा म्हणाले, बघतो. ठरवले मात्र मनातल्या मनात: पाणी सूर्य असतानाच प्यायचे आणि पुढचे सांभाळून न्यायचे. गारगोटीच्या गाडीत सांभाळले तसे.

म्हणून त्या गुरुवारी रिक्षाचे दोनशे ऐंशी रुपये.

सव्वासातला त्यांना जड वाटू लागले. साडेसातला ते उठून भिंतीला टेकून उभे राहिले, कारण बसवेना. रस्त्यांवरच्या गर्दीमुळे पेशंट पुढेमागे झाले होते, यादी रेंगाळली होती. सयाजी समोर होते. त्यांनी नेहमीसारखे विचारले नाही, नुसते अण्णांच्या तोंडाकडे पाहिले आणि नजर दुसरीकडे वळवली. आठ वाजून दहा मिनिटांनी नाव पुकारले गेले. दारातच क्रांतीने विचारले, “काका, पाणी किती वाजता प्यालात?”

“सातला,” अण्णा म्हणाले.

सकाळीच ते बस्तीत पहिल्या रांगेत बसून सत्य धर्मावरचे प्रवचन ऐकून आले होते.

टेबलावर झोपले, ठिपके जुळवले गेले, मशीन एक फेरा फिरले. किरण सोडण्याआधी आतले चित्र घेतात, तसे ते घेतले गेले. मग सगळे थांबले आणि क्रांती आत आली. चित्रात लघवीची पिशवी ठरलेल्या मापाच्या जवळपास दुप्पट दिसत होती. अशी पिशवी सगळे आपल्या जागेवरून ढकलते, किरण चुकीच्या ठिकाणी पडतील. ती म्हणाली, रिकामी करून या, पुन्हा पाणी प्या, पाऊण तासाने शेवटचे म्हणून घेते. अण्णा टेबलावरून उतरले. बाथरूम दहा पावलांवर होते. सात पावलांपर्यंत ते नीट गेले.

ते बाहेर आले तेव्हा अक्काताई दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या हातात घडी केलेला दुसरा पायजमा होता. तो त्या घरूनच घेऊन आल्या होत्या.

पायजमा बदलून अण्णांनी क्रांतीला सांगितले की आज राहू दे, मी घरी जातो. क्रांतीने कारण विचारले. अण्णांनी सांगितले. ती म्हणाली की काका, कालचा दिवस मशीनमुळे गेला, आज तुम्ही सोडताय. मधे खंड पडत गेला तर आतापर्यंत घेतलेल्याचा उपयोग कमी होतो. “उद्या पण हीच वेळ आहे. पुढच्या आठवड्यातही असेल. किती दिवस सोडणार?” पावणेनऊपर्यंत काय ते ठरवा, मी थांबते, एवढे बोलून ती पुढच्या पेशंटला घेऊन आत गेली.

अण्णा बाकावर बसले. आठ सेशन राहिली होती. ती घ्यायची तर नियम मोडायचा आणि नियम मोडायचा म्हणजे भाग्यश्रीच्या डोक्यावरचे छत्र आपल्या हाताने काढायचे. आपण सदुसष्ट वर्षांचे, ती एकोणतीस. हिशेब करायला काही अवघड नव्हता. त्यांनी अक्काताईंना सांगितले की मी उद्यापासून येणार नाही. जे झाले तेवढे पुरे. बघू काय होते.

अक्काताईंनी पिशवी मांडीवर घेतली. मग समोर बघतच म्हणाल्या, “मी पितो की रात्रीचं पाणी.”

अण्णांना आधी नीट समजलेच नाही. “कधी प्यालीस?”

“रोज. नऊ वर्सं झाली.”

मग त्यांनी सांगितले. नऊ वर्षांपूर्वी, अण्णा निवृत्त झाले त्याच वर्षी, त्यांना साखरेचा आजार निघाला. त्यातच एका रात्री त्यांना दरदरून घाम सुटला, हातपाय कापू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. अण्णा झोपले होते. भिंतीला धरत त्या स्वयंपाकघरात गेल्या, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तांब्याभर पाणी प्यायल्या. दुसऱ्या दिवशी एकट्याच डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी औषध बदलून रात्री साडेनऊची गोळी दिली, ती पाण्याबरोबर घ्यायची आणि कापरे भरले तर गूळ खायचा. अण्णा नऊला झोपत. तेव्हापासून रोज त्या दिवा न लावता आत जात, भांड्याचा आवाज होऊ देत नसत. गूळ इतका लवकर कसा संपतो म्हणून अण्णांनी दोनदा डबा बदलून आणला होता आणि मुंग्यांची पावडर टाकली होती.

“मला का सांगितलं न्हाईस?”

“सांगितलं असतं तर मला पाणी पाजलं असतंसा, आन् दुसऱ्या दिवशी माझ्या वाटणीचा उपास तुम्ही धरला असतासा. एस.टी.त उभं राहून आयुष्य गेलं तुमचं. आनखी किती. आनि घरात एक माणूस तरी नीट पाळतोय, ह्याचा मला आधार वाटायचा.”

अण्णांना राग आला. तो त्यांच्या कानशिलांत चढला आणि तिथेच घोटाळत राहिला, कारण कुणावर काढायचा ते कळेना. नऊ वर्षे. ते मनात एकेक वर्ष मागे जाऊ लागले. या नऊ वर्षांत भाग्यश्रीला बँकेत नोकरी लागली. तिचे लग्न झाले. एकदा ती स्कूटरवरून पडली आणि कोपराला खरचटण्यावर निभावले. अर्धा हप्ता नऊ वर्षे चुकत होता आणि पोरगी ठणठणीत होती. आणि ही रोज रात्री अंधारात, आपण पाप करतोय असे समजून, गोळी गिळत होती. आपण शेजारच्या खोलीत घोरत होतो.

“भ्यालीस न्हाईस? भाग्यश्रीसाठी?”

“पहिली दोन वर्सं रोज तिला सकाळी फोन करायचो. उठली का, बरी हाय का. तुम्ही म्हणायचासा, काय रोज फोन करतीस.”

अक्काताईंनी पिशवीतून दुसरी बाटली काढली. हेही पाणी उकळून, गाळून आणलेले होते. आठ वाजून चाळीस मिनिटे झाली होती आणि बाहेर दूरवर विसर्जनाचे ढोल वाजत होते. त्यांनी पेला भरला आणि अण्णांपुढे धरला. अण्णांनी तो लगेच घेतला नाही. अक्काताईंनी हात मागेही घेतला नाही. शेवटी अण्णांनी पेला घेतला, डोळे मिटून मनात णमोकार मंत्र म्हटला आणि प्यायले. दुसरा पेला प्यायले. तिसरा भरून त्यांनी तो अक्काताईंकडे केला आणि विचारले, “तुझी गोळी आणली हाईस न्हवं?”

गोळीला अजून वेळ होता. पण त्यांनी ती तिथेच घेतली, अण्णांच्या देखत.

सयाजींचे त्या दिवसाचे उरकले होते, तरी ते गेले नव्हते. पलीकडच्या बाकावर पाठ करून बसले होते. नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी अण्णांना आत घेतले. चित्र मापात आले. बाहेर येऊन पाहतात तो सयाजी दारात मुलाची जीप घेऊन थांबलेले. म्हणाले, चला पावणं, या गर्दीत रिक्षा कुठली मिळायला.

पुढे शुक्रवार २० तारखेपर्यंत संध्याकाळचीच वेळ राहिली. अनंत चतुर्दशीची सुटी वगळून, त्या गुरुवारसह सहा संध्याकाळी अण्णा दिवस मावळल्यावर पाणी प्यायले. गुरुवारनंतर रोज सातला, सांगितले तेवढे. दशलक्षण पर्व संपले की दुसऱ्या दिवशी जैन माणसे एकमेकांना हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणतात, वर्षभरातल्या चुका माफ करून घेतात. त्या दिवशी अण्णांनी क्रांतीसमोर हात जोडले आणि गुरुवारी वेळेबाबत आपण खोटे बोललो असे सांगितले. क्रांती संकोचली. म्हणाली, “काका, पाण्याबद्दल सगळेच खोटं बोलतात. आम्हाला आतलं दिसतं म्हणून बरं.”

घरी दरवर्षी हा विधी उभ्या उभ्या होई. त्या वर्षी अक्काताईंनी स्टूलवर बसलेल्या अण्णांपुढे हात जोडले आणि म्हणाल्या, नऊ वर्षांची एकदम. अण्णांनी त्यांचे जोडलेले हात तसेच दोन्ही हातांत धरले. त्यांच्या तोंडून क्षमा हा शब्द काही निघाला नाही. बराच वेळ त्यांनी हात सोडले नाहीत.

मंगळवार, २४ सप्टेंबरला विसावे सेशन झाले. उपचार संपले म्हणजे सगळे संपले असे नसते. महिनाभर लघवीला आग होत होती, रात्री सहा-सहा वेळा उठावे लागे, जिना चढून आले की बसावे लागे. हे हळूहळू कमी झाले. इंजेक्शनांमुळे अंगातून एकाएकी वाफा येत, थंडीतही बनियन भिजे. पहिल्यांदा तसे झाले तेव्हा अण्णा घाबरले. अक्काताई पदराने वारा घालत इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आता कळले का, त्या म्हणाल्या, माझ्या पन्नाशीला मला काय व्हायचे ते? तेव्हा तुम्ही म्हणायचा, खिडकी उघड.

डॉक्टरांनी तीन महिन्यांनी तपासणी लावून दिली. डिसेंबरात पीएसए शून्य पूर्णांक एकतीस, मार्चमध्ये शून्य पूर्णांक बारा. पुढच्या सप्टेंबरात तो शून्य पूर्णांक सेहेचाळीस झाला आणि अण्णांचा चेहरा उतरला. नियम मोडल्याचा हा हिशेब आहे का, असे त्यांना वाटून गेले. डॉक्टरांना त्यांनी साध्या भाषेत विचारले: वाढला का? डॉक्टरांनी सांगितले की इंजेक्शनांचा अंमल उतरला की आकडा थोडा वर येतो. सगळ्यात खाली गेलेल्या आकड्यापेक्षा पूर्ण दोनने वर चढला तर काळजी करायची, तुमचा त्याच्या आसपासही नाही. डिसेंबर २०२५ मध्ये तो शून्य पूर्णांक एक्केचाळीस आला. भाग्यश्रीला फोनवर आकडा अण्णांनीच सांगितला. तिने विचारले, आईची साखर किती? तोही आकडा त्यांना पाठ होता. आता साडेनऊची गोळी ते स्वतः पाण्यासह आणून देतात आणि त्यासाठी तेवढा वेळ जागे राहतात. स्वयंपाकघरातला दिवा लावलेला असतो.

रेडिएशन संपल्यावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, दोघे त्या वर्षीच्या चातुर्मासासाठी बस्तीत आलेल्या माताजींकडे प्रायश्चित्त विचारायला गेले होते. अण्णांनी सगळे क्रमाने सांगितले. अक्काताईंनी आपले सांगितले. माताजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाल्या की आजारात औषध म्हणून घेतलेल्या पाण्याचा दोष तुम्हा दोघांनाही नाही. खोटे बोललात त्याचा तुम्हाला एक उपवास. नऊ वर्षे लपवलेत त्याचा ह्यांना एक. डॉक्टर हो म्हणतील तेव्हा करा, घाई नाही.

अक्काताईंना साखरेमुळे उपवास जमणारा नव्हता. तो अण्णांनी आपल्याकडे घेतला आणि आधी तोच केला. ११ एप्रिल २०२५, शुक्रवार, महावीर जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, चतुर्दशीला. डॉक्टरांना विचारून, दिवसभर पाणी पीत.

त्यांचा स्वतःचा, खोटे बोलल्याचा एक उपवास अजून बाकी आहे.